शाळेच्या समूहगानासाठी नवं गाणं: दुसरा आवाज कुठून आणायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावातली माध्यमिक शाळा, पाचवी ते नववीची चाळीसेक मुलं, साथीला हार्मोनियम आणि तबला. स्नेहसंमेलनात दरवर्षी चित्रपटगीतं आणि ठरलेली देशभक्तिपर गीतं होतात. यंदा शाळेचं स्वतःचं नवं गाणं करायचं आहे आणि ते दोन आवाजांत हवं आहे. शिक्षिका शास्त्रीय गायनाची मध्यमा परीक्षा पूर्ण झालेल्या आहेत, पाश्चात्त्य संगीत शिकलेल्या नाहीत. त्यांना विचारायचं आहे की हे जमेल का, शब्द कोणाचे घ्यावेत, दुसरा आवाज कसा रचावा, आवाज फुटलेल्या मुलांचं काय करावं, आणि ऑगस्टमध्ये सुरुवात करून जानेवारीपर्यंत गाणं उभं राहील का.

जमेल. कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी वाजणारे तीन-चार स्वर, येत नाहीत म्हणून अडणार नाही. उलट कॉर्ड डोक्यात धरून सुरुवात केली की शाळेसाठीचं गाणं बरेचदा तिथेच बिघडतं. एक गट चाल गातो आणि दुसरा गट त्या चालीखाली भराव घालत बसतो. भराव गाणाऱ्या मुलाला घरी गुणगुणायला काहीच मिळत नाही. गुणगुणता न येणारी ओळ डोक्यात राहत नाही, आणि कार्यक्रमाच्या दिवशी ती मुलं नकळत पहिल्या गटाच्या चालीवर सरकतात. शिक्षक म्हणतात मुलांचे कान कच्चे आहेत. माझ्या मते कच्ची असते ती रचना. मुलांसाठी रचताना माझी कसोटी एकच असते: दुसऱ्या गटाची ओळ एकटी गायली तर ती गाणं वाटते का? वाटत नसेल तर मुलांना दोष न देता ती ओळ पुन्हा करायची.

अशा ओळीची जागा आपल्या परंपरेत आधीपासून आहे. शाहिराच्या मागे झीलकरी असतात. शाहीर ओळ सोडतो, झीलकरी ती उचलतात आणि ‘जी जी’ करत सूर वर धरतात, आणि तो सूर अजून हवेत असतानाच शाहीर पुढची ओळ सुरू करतो. वारकरी भजनातही एक बाजू चरण संपवायच्या आधीच दुसरी बाजू उचल घेते. भारुडात, गोंधळात, आरतीच्या पालुपदात हेच घडतं. त्या दोन-तीन मात्रांपुरते आपल्या संगीतात दोन आवाज आपोआप एकावर एक येतात आणि कोणाला ते परकं वाटत नाही. तुम्हाला फक्त ती जागा लांबवायची आहे. झील, म्हणजे मागच्यांनी धरलेला हा सूर, दोन मात्रांऐवजी तालाचं पूर्ण आवर्तन चालू ठेवा, मुख्य चाल तिच्यावरून जाऊ द्या, की दोन आवाजांचं गाणं सुरू झालं.

या वाटेवर आपल्या देशात थोरामोठ्यांनी काम करून ठेवलं आहे, ते माहीत असलेलं बरं. मुंबईत व्हिक्टर परंज्योती यांनी 1956 मध्ये गायकांचा वृंद उभा केला आणि भारतीय स्वरवळणांवर चार आवाजांची रचना स्वतः लिहिली. पन्नासच्या दशकात सलील चौधरी यांनी मुंबईत आणि रुमा गुहा ठाकुरता यांनी कोलकात्यात युवक वृंद सुरू केले. चेन्नईत, तेव्हाच्या मद्रासमध्ये, एम. बी. श्रीनिवासन यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला युवकांचा वृंद बांधला आणि अनेक भारतीय भाषांमधली गाणी त्याच्याकडून गाऊन घेतली. गोव्यात तर मांडो हा गीतप्रकार दोन आवाजांतच गायला जातो, आणि चर्चच्या शाळांमधून स्वरलेखन शिकवण्याची तिथली परंपरा जुनी आहे. महाराष्ट्रात राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकांनी समूहगान गावोगावी नेलं, पण आपलं बहुतेक समूहगान एका सुरातलं राहिलं. मराठी शाळेसाठी मराठी शब्दांवर दोन आवाजांत मुद्दाम रचलेलं गाणं आजही फार कमी सापडतं. म्हणून तुमचा प्रश्न वाचून मला मनापासून आनंद झाला.

बाहेरच्या दोघांची नावं घेते, कारण त्यांच्या कामातून आपल्याला थेट उपयोगी असं काही मिळतं. हंगेरीचे संगीतकार झोल्तान कोदाय 1925 पासून मुलांच्या वृंदांसाठी लिहू लागले. त्यांनी पाया म्हणून लोकगीतांमधले पाच स्वर घेतले, ज्यांत अर्धस्वराचं अंतर कुठेच येत नाही. आपल्या भूप रागातही असेच पाच स्वर आहेत. इंग्लंडच्या बेंजामिन ब्रिटन यांनी 1933 ते 1935 या काळात आपल्या भावाच्या शाळेतल्या मुलांसाठी 12 गाणी केली. तेव्हा ते विशीत होते. त्या 12 पैकी बहुतेक गाणी एकाच आवाजात आहेत, आणि शेवटच्या गाण्यात मुलं एकामागून एक तीच चाल उचलतात. एवढा मोठा संगीतकार एकसुरी गाण्यात कमीपणा मानत नव्हता, हे लक्षात ठेवा. चाळीस मुलांनी एक ओळ खरोखर एका सुरात गाणं ही अवघड गोष्ट आहे, आणि ती जमल्याशिवाय दुसरा आवाज आणू नये.

आता पट्टी, म्हणजे षड्ज (सा) कुठे धरायचा ते. इथे बहुतेक शाळांची गाणी बिघडतात आणि कारण अगदी साधं असतं. चाल लावताना आपण आपल्या पट्टीत गातो आणि तीच पट्टी मुलांच्या गळ्यात पडते. बाईंचा षड्ज काळी चार किंवा काळी पाच, म्हणजे हार्मोनियमच्या सप्तकातली चौथी किंवा पाचवी काळी पट्टी, असतो. त्या पट्टीत चाल मंद्रात (खालच्या सप्तकात) गेली की मुलं पुटपुटतात, आणि अंतरा तारसप्तकात गेला की ओरडतात. पुरुष शिक्षक काळी एकमध्ये गातात तेव्हा मुलांनी एक सप्तक वरून गायचं असतं, पण पाचवीतल्या अनेक मुलांना हे कळत नाही आणि ती सरांचा खालचा सूर शोधत राहतात. म्हणून आधी गळ्याची हद्द ठरवा आणि मग षड्ज. पाचवी ते सातवीच्या मुलामुलींना हार्मोनियमच्या मधल्या पांढरी एकच्या खालच्या पांढरी सहापासून वरच्या सप्तकातल्या पांढरी दोनपर्यंत आरामात गाता येतं. ही हद्द दीड सप्तकापेक्षा थोडी कमीच आहे, पण शाळेच्या गाण्याला भरपूर आहे. चालीतला सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा स्वर पाहा आणि दोन्ही या हद्दीत बसतील असा षड्ज निवडा. चालीचा मुक्काम वरच्या टोकाला ठेवू नका. वरचा स्वर येऊन गेला पाहिजे, तिथे घर करायचं नाही. आणि वरचा स्वर हलक्या, मोकळ्या आवाजात लावायला शिकवा. छातीतून ढकललेला तार षड्ज म्हणजे आरडाओरडा, आणि आपल्या स्नेहसंमेलनांमध्ये त्यालाच जोश समजलं जातं. माझा याला पूर्ण विरोध आहे. वाढत्या वयातले गळे त्याने खरोखर दुखावतात.

नुसतं सांगून उपयोग नाही, म्हणून एक छोटी रचनाच देते. भूप, झपताल, षड्ज मधल्या सप्तकातली पांढरी दोन. शब्द असे:

नभ भरे, मन भरे,
चल गड्या, भिज जरा.

आणि झील:

ये सरी, ये सरी.

झपतालाचे विभाग दोन, तीन, दोन, तीन मात्रांचे. ‘नभ’ दोन मात्रा, ‘भरे’ तीन, ‘मन’ दोन, ‘भरे’ तीन. दुसरी ओळ आणि झीलही त्याच मापात बसतात. शब्दाचं माप तालाच्या मापाशी जुळलं की मुलांना मात्रा मोजाव्या लागत नाहीत. दहा मात्रांचा ताल मुलांना जड जातो, असं मानणाऱ्यांनी हे करून बघावं.

पहिली ओळ: ग रे । ग प – । ध प । रे ग –
दुसरी ओळ: सां ध । सां प – । ग प । रे सा –
झील: सा – । ध़ सा – । सा – । ध़ सा –

(ध़ म्हणजे मंद्र धैवत, सां म्हणजे तार षड्ज.)

झील आणि पहिली ओळ एकत्र वाजवून पाहा. झीलेचा मंद्र धैवत तिसऱ्या मात्रेवर येतो तेव्हा वर गंधार आहे, आणि लगेच चौथ्या-पाचव्या मात्रेवर षड्जाच्या डोक्यावर पंचम थांबतो. लांबवलेल्या स्वरांवर गोड जोडी यावी आणि टोचणारी जोडी आलीच तर चालत्या स्वरात निघून जावी, एवढा एक नियम पाळला तरी कॉर्ड न शिकता दोन आवाज लिहिता येतात. दुसऱ्या मात्रेवर षड्जावर रिषभ येतो, पण तो थांबत नाही, म्हणून खुपत नाही. रिषभ तिथे दोन मात्रा धरला असता तर खुपला असता.

आता झील बाजूला ठेवा आणि दोन गट एका आवर्तनाच्या अंतराने तीच चाल गाऊ द्या. पहिला गट दुसऱ्या ओळीवर पोहोचतो तेव्हा दुसरा गट पहिली ओळ सुरू करतो. गंधारावर तार षड्ज, रिषभावर धैवत, पुन्हा गंधारावर तार षड्ज, आणि चौथ्या-पाचव्या मात्रेला दोन्ही गट पंचमावर भेटतात. सातव्या मात्रेला पुन्हा पंचमावर, आठवीला रिषभावर. या भेटी मी मुद्दाम ठेवल्या आहेत. नवशिक्या वृंदाला मध्ये मध्ये एकमेकांचा सूर सापडावा लागतो, नाहीतर एक गट हळूहळू उतरतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही. वृंद मुरला की या भेटी कमी करायच्या. आणि हे सगळं जमतं ते भूपामुळे. ज्या रागात अर्धस्वर जवळ नाहीत तिथे ओळी कशाही एकमेकांवर आल्या तरी फार मोठा घोटाळा होत नाही. दुर्गाही चालतो. यमनात मजा आहे, पण तीव्र मध्यम षड्जाच्या झीलेवर थांबवू नका. भैरव, तोडी यांच्या वाटेला पहिल्या वर्षी जाऊच नये.

‘दुसरा आवाज म्हणजे एक स्वर सोडून वरचा स्वर’ ही पद्धत तुम्हाला कोणीतरी सुचवेल. बिलावलच्या सात स्वरांत ती काही अंशी चालते. भूपात ती केली तर काय होतं ते पाहा: षड्जावर गंधार येतो, पण रिषभावर पंचम, गंधारावर धैवत, पंचमावर तार षड्ज. पहिली जोडी एका अंतराची आणि पुढच्या सगळ्या दुसऱ्याच अंतराच्या. कानाला ते वाईट लागतं असं नाही, पण दुसरी ओळ पहिलीची सावली होऊन राहते आणि तिला स्वतःचं वळण उरत नाही. काही मात्रांपुरतं, एखाद्या ओळीच्या शेवटी, हे जरूर वापरा. अख्खा अंतरा असा करू नका.

झील, मागून येणारी चाल, आणि तिसरा प्रकार म्हणजे दोन वेगळ्या चाली एकाच तालात आणि एकाच रागात, आधी एकेकट्या गायलेल्या आणि शेवटी एकत्र आणलेल्या. मला हा तिसरा प्रकार सर्वांत आवडतो. श्रोत्यांनी दोन्ही चाली वेगवेगळ्या ऐकलेल्या असतात, त्यामुळे त्या एकत्र येतात तेव्हा सभागृहातल्या आजी-आजोबांनाही नेमकं काय घडलं ते कळतं. एक चाल लांब श्वासाची ठेवा, दुसरी तुटक आणि चपळ. एक चालते तेव्हा दुसरी थांबेल, अशा जागा ठेवा. दोन्ही एकाच वेळी शब्दांनी गच्च भरल्या तर कोणाचेच शब्द ऐकू येत नाहीत.

शब्दांविषयी मात्र मी जरा हट्टी आहे. मुलांनी गायचं गाणं ‘मुलांच्या विषयावर’च हवं असं नाही, पण ते त्यांना कळलेलं असावं. नववीच्या मुलाला फुलपाखराचं बडबडगीत द्यायचं नाही आणि पाचवीच्या मुलीच्या तोंडी रणसंग्राम घालायचा नाही. तुमच्या गावाचा बाजाराचा दिवस, एसटी स्टँड, उसाच्या गाड्या, नदीचं उन्हाळ्यातलं आणि पावसातलं रूप, रात्रीची गेलेली वीज यांवर गाणं का असू नये? मराठीच्या तासाला मुलांना एका विषयावर दोन-दोन वाक्यं लिहायला सांगा. त्यातली जिवंत वाक्यं वेचा आणि गावातल्या एखाद्या कवीला किंवा मराठीच्या शिक्षकांना ती छंदात बसवायला द्या. आठ-आठ मात्रांची ओळ केरव्यात सहज बसते. ओवी तर इतकी सैल असते की अक्षरं कमी-जास्त झाली तरी सामावून घेते.

समूहासाठी शब्द निवडताना कान लावायच्या जागा एकट्याच्या गाण्यापेक्षा वेगळ्या असतात. लांब धरलेला स्वर आ, ए, ओ यांवर असावा. ओळ ‘पाऊस’, ‘आभाळ’, ‘रान’ अशा शब्दावर संपत असेल तर चाळीस मुलं स, ळ, न वेगवेगळ्या क्षणी मिटतात आणि शेवट भुसभुशीत होतो. मग एक तर शब्दाचं रूप बदला, ‘आभाळ’चं ‘आभाळी’ करा, किंवा व्यंजन कोणत्या मात्रेवर मिटायचं ते ठरवून तालीम घ्या. ह्रस्व इ-उ लांबवू नका. ‘कि’ चार मात्रा धरली की ती ‘की’च ऐकू येते आणि कधीकधी अर्थ बदलतो. ‘राष्ट्र’, ‘उत्कर्ष’ असे जोडाक्षरांनी भरलेले शब्द द्रुत लयीत नकोत. अनुस्वार असलेलं अक्षर लांबवायचं असेल तर स्वर मोकळा धरून अगदी शेवटी नाकात जायचं, नाहीतर चाळीस मुलं एकदम गुणगुणायला लागल्यासारखं वाटतं. आणि सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा. ज्या अक्षरावर अर्थाचा भार आहे ते समेवर आणा. ‘आणि’, ‘तर’, ‘हा’ यांना समेवर बसवलं की चाल कितीही सुंदर असली तरी ओळ मेलेली वाटते.

कवीची तयार कविता घ्यायची असेल तर परवानगीचं पाहा. आपल्या कायद्याप्रमाणे कवीच्या निधनानंतरच्या वर्षापासून 60 वर्षं हक्क चालतात. केशवसुत (निधन 1905), बालकवी (1918), भा. रा. तांबे (1941) यांच्या कविता म्हणून मोकळ्या आहेत. फक्त तुम्ही घेतलेली चाल दुसऱ्या कोणाची नसावी. शाळेतल्या मुलांनी आणि शिक्षकांनी फक्त शाळेची मुलं, शिक्षक आणि पालक यांच्यासमोर एखादी रचना सादर केली तर त्याला कायद्यात सूट आहे. तेच चित्रीकरण यूट्यूबवर टाकलं की ती सूट लागू होत नाही. हयात कवीला एक पत्र लिहा. बहुतेक कवी आनंदाने हो म्हणतात, आणि त्यांचं नाव निवेदनात आणि पत्रिकेवर आलंच पाहिजे.

आवाज फुटलेली मुलं. सातवी ते नववीच्या काळात मुलांचा आवाज उतरतो, महिनोन्‌महिने अस्थिर राहतो, आणि शाळा त्यांना ‘तुम्ही लेझीम धरा’ म्हणून बाजूला करतात. अनेक पुरुषांचं गाणं याच वयात कायमचं सुटतं. हे मला फार लागतं, म्हणून या मुलांसाठी ओळ लिहिल्याशिवाय मी गाणं पुरं झालं असं मानत नाही. या काळात त्यांना हातात येणारे स्वर थोडेच असतात, साधारण मधल्या पांढरी एकपासून खाली त्या खालच्या पांढरी चारपर्यंत. तेवढ्यातच त्यांची ओळ करायची. वरच्या रचनेत षड्ज पांढरी दोन आहे, म्हणजे मंद्र पंचम खालची पांढरी सहा आणि मंद्र धैवत पांढरी सात. दोन्ही त्यांच्या टप्प्यात येतात. मग ‘ये सरी, ये सरी’ त्यांना असं द्या:

प़ – । ध़ प़ – । प़ – । ध़ प़ –

तानपुऱ्याची पहिली तार मंद्र पंचमाची असते, तीच जागा ही मुलं गाण्यात घेतात. वरच्या गटाची झील षड्जावर, यांची पंचमावर, आणि त्यावर चाल. तीन आवाज झाले, आणि ज्या गटाला आज स्थिरतेची गरज आहे त्याच्या ओळीत दोनच स्वर आहेत. एखाद्या मुलाचा आवाज त्या आठवड्यात तेवढंही करत नसेल तर त्याला लय सांभाळू द्या, पण रांगेत उभं ठेवा. ‘तू नुसते ओठ हलव’ असं कोणत्याही मुलाला कधीही सांगू नका.

शिकवताना कागदाची मदत घ्या. चौकटीच्या वहीत एका घरात एक मात्रा लिहा, वर पहिल्या गटाची सरगम, बरोबर खाली दुसऱ्या गटाची, त्याखाली शब्द. भातखंडे पद्धतीच्या खुणा तुम्हाला येतातच. एवढं स्वरलेखन दोन आवाजांना पुरतं. मिझोराममध्ये चर्चचे वृंद चार-चार आवाजांची गाणी स्टाफ नोटेशनशिवाय (पाच रेषांवरच्या पाश्चात्त्य स्वरलिपीशिवाय), डो-रे-मीच्या अक्षरलिपीवर गातात. आपली सरगमही त्याच जातीची आहे, कुठलाही षड्ज धरा, नाती तीच राहतात. तेव्हा सरगम येणारा वर्ग दुसऱ्या आवाजाच्या बाबतीत मागे नाही, पुढे आहे.

दोन गट करताना हुशार गायक सगळे पहिल्या गटात घालू नका. तीन-चार पक्क्या सुराची मुलं दोन्हीकडे वाटा, किंबहुना दुसऱ्या गटात एखादं जास्तच. आधी सर्व मुलांना दोन्ही ओळी शिकवा आणि गटांची अदलाबदल करत राहा. ज्याला समोरच्याची ओळ येते त्याला तिची भीती वाटत नाही. पहिल्या दिवशी कान झाकून गाणारी मुलं दिसतील. त्यांना उलट सांगा, समोरच्या गटाचा सूर ऐकत गा. दोन्ही गट समोरासमोर उभे करून हळू आवाजात, ‘नु’ किंवा ‘लो’ अशा अक्षरावर, अर्ध्या लयीत. शब्द नंतर.

हार्मोनियमवर चाल वाजवत बसू नका. मुलं पेटीला टेकून गातात आणि पेटी थांबली की पडतात. चाल शिकवून झाली की पेटीवर फक्त षड्ज-पंचमाची आस, म्हणजे सतत धरलेला सूर, ठेवा, किंवा मोबाईलवरचा तानपुरा लावा. कडव्याच्या शेवटी एकदा षड्ज वाजवून सूर उतरला का ते पाहा. उतरत असेल तर बहुतेक वेळा श्वास कमी पडलेला असतो, म्हणून वहीत श्वासाच्या जागी खूण करा आणि सगळ्यांनी तिथेच श्वास घ्यायचा. लांब स्वर अखंड हवा असेल तर शेजाऱ्याने श्वास घेतला की आपण घ्यायचा नाही, असं जोडीजोडीने ठरवून द्या. तयार ट्रॅकवर गाणं बसवू नका. ट्रॅक मुलांचं ऐकत नाही. तबलजी ऐकतो.

मंचाबद्दल थोडंसं. हातात धरायचा एक माईक ‘चांगल्या आवाजाच्या’ मुलीसमोर ठेवला की समूहगान संपलं. वृंदाच्या पुढे दीड-दोन मीटरवर, डोक्याच्या उंचीपेक्षा थोडे वर, दोन माईक स्टँडवर मागा, आणि साऊंडवाल्याला आदल्या दिवशी बोलावून एकदा ऐकवा. मुलं अर्धवर्तुळात, आवाज फुटलेली मुलं मधोमध मागे. हातवारे शक्यतो नकोत. ओळ गाताना मान वर आणि डोळे तुमच्याकडे असले म्हणजे पुरे.

आता जानेवारीचं. ऑगस्टमध्ये गळे तपासा आणि शब्द ठरवा. सप्टेंबर निम्मा होईपर्यंत चाल आणि झील तयार हवी. आठवड्यातून दोन तासिका मिळाल्या तर दिवाळीच्या सुट्टीपर्यंत सर्वांना सर्व ओळी एकसुरात यायला हव्यात. सुट्टीत फोनवर ऐकायला दोन ध्वनिमुद्रणं द्या, एकात फक्त पहिली ओळ, दुसऱ्यात फक्त दुसरी, दोन्ही एखाद्या मुलीच्या आवाजात, म्हणजे सप्तकाचा गोंधळ होणार नाही. सुट्टीनंतर आवाज एकत्र आणा. सुट्टीआधीच्या सहामाही परीक्षेच्या आसपास काही तासिका बुडतील, ते धरूनच चाला. डिसेंबरच्या मध्यापर्यंत दोन आवाज टिकत नसतील तर शेवटच्या कडव्यापुरतेच ठेवा आणि बाकी गाणं एका सुरात गाऊ द्या. गाणं झाल्यावर वहीतली सरगम स्वच्छ उतरवून कवीचं, चाल लावणाऱ्याचं नाव आणि वर्ष घालून शाळेच्या ग्रंथालयात एक प्रत ठेवा, आणि शेजारच्या शाळेने मागितली तर द्या. भूपातली वरची रचना तुम्हाला वापरायची असेल तर खुशाल वापरा, अंतरा तुमच्या मुलांच्या शब्दांचा करा.